१ मेच्या स्टॉलसाठी चवीचा मस्का: उन्हाळ्यात न फुटता कसा करू? (सल्ला हवाय)

चुलीपुढची
२० एप्रिल, रात्री १०:५०

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

आमच्या सोसायटीत (मुलुंड पूर्व) १ मेला संध्याकाळी खाऊगल्ली असते. ज्याला हौस असेल त्याने एक टेबल लावायचं. पाणीपुरी, पन्हं, साबुदाणा वडे हे दरवर्षीचे मानकरी. मीटिंगमध्ये माझी जीभ घसरली आणि "मी चार चवींचा मस्का-पाव लावते" असं बोलून बसले. सेक्रेटरींनी लगेच वहीत लिहून घेतलं. आता मागे फिरायची सोय नाही.

काल पहिला प्रयोग केला. अमूलची १०० ग्रॅमची वडी मायक्रोवेव्हमध्ये ४० सेकंद फिरवली. सहा पाकळ्या लसूण, मूठभर कोथिंबीर, एक मिरची मिक्सरला लावली. फिरेना, म्हणून दोन चमचे पाणी घातलं. वरून अर्धं लिंबू पिळलं. सगळं कालवून डब्यात भरलं आणि डबा फ्रीजरमध्ये. दोन तासांनी बघते तर वर पिवळा कडक थर आणि खाली हिरव्या पाण्याचा बर्फ. खरवडून पावाला लावलं तर रवाळ लागलं. आणि वास! फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात सासूबाईंचे सुके बोंबील आहेत हे मी साफ विसरले होते. मुलाने एक घास खाल्ला आणि शांतपणे विचारलं, "आई, हा बोंबील फ्लेवर आहे का?"

तर प्रश्न असे. हे का फुटतं, आणि न फुटता कसं करायचं? संध्याकाळी सहालाही इथे घामाच्या धारा लागतात, तिथे उघड्यावर टेबलावर मस्का टिकवायचा कसा? चवी कुठल्या करू? लसूण-कोथिंबीर हवीच, बाकीचं सुचवा. दोन विंगांत बरीच जैन मंडळी आहेत, त्यांना चालेल असं निदान एक तरी हवं. पाव साधारण दीडशे जातील.

फोटो काढला होता, पण टाकायची हिंमत नाही.

बोरिवली_फास्ट
२० एप्रिल, रात्री ११:१५

फोटो नाही म्हणून निषेध. बाकी बोंबील बटरचं पेटंट घेऊन टाका, पुढच्या वर्षी रांग लागेल. (हलके घ्या.)

खारी_बिस्किट
२१ एप्रिल, सकाळी ७:४०

फुटलं कारण ते तू वितळवलंस. विकतच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी. ते पाणी इतक्या बारीक थेंबांत अडकलेलं असतं की आपल्याला दिसत नाही. लोणी एकदा पातळ झालं की पाणी खाली बसतं, दुधाचे कण वेगळे होतात, आणि परत गार केलं तरी पहिल्यासारखं जमत नाही. त्यात तू वरून आणखी पाणी आणि लिंबू ओतलंस. बिचारं कुठे कुठे सांभाळणार!

लोणी मऊ हवं, पातळ नको. बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण बोटाला तेल सुटता कामा नये. पुस्तकांत यासाठी १८ ते २० अंश लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने एप्रिलमध्ये ठाण्याला माझ्या ओट्यापाशी उभं राहून दाखवावं. आपल्याकडे ओटाच ३१-३२ अंशांवर असतो आणि लोणी साधारण ३२ ते ३५ला पातळ होतं. म्हणजे आपल्या हातात वेळ फार थोडा. मी काय करते सांगते. फ्रीजमधली कडक वडी मोठ्या भोकांच्या किसणीवर किसून स्टीलच्या ताटात पसरते. पाच-सात मिनिटांत कीस मऊ होतो. मग पातेल्यात घेऊन लाकडी चमच्याने घोटायचं. सैल पडायला लागलं की पातेलं गार पाण्याच्या परातीत टेकवायचं, पुन्हा घोटायचं. रंग फिका झाला आणि चमच्याला क्रीमसारखं चिकटून राहिलं की त्यात बाकीचं सामान घालायचं.

आता सामान. जे घालशील ते कोरडं हवं. कोथिंबीर आदल्या रात्री धुवून फडक्यावर पंख्याखाली पसर. सकाळी हातात चुरचुर वाजली पाहिजे. सुरीने बारीक चीर, मिक्सर अजिबात नको, त्याने पानांचा रस निघतो आणि तोच तुझा हिरवा बर्फ. लसूण खलबत्त्यात चिमूटभर मिठाबरोबर ठेच. लिंबाच्या रसाऐवजी साल किसून घाल. फक्त वरची हिरवी-पिवळी साल, खालचं पांढरं लागलं की कडू होतं. रस हवाच असेल तर १०० ग्रॅमला एक लहान चमचा, तोही थेंब थेंब, दर वेळी घोटून जिरवत.

आणि तो फुटलेला गोळा टाकू नकोस. पाणी ओतून टाक आणि वरचं भाजीच्या फोडणीला वापर. बोंबलासकट.

चुलीपुढची
२१ एप्रिल, सकाळी ८:०५

किसणी! ही माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी गेली पंधरा वर्षं वडी ओट्यावर ठेवून "होईल मऊ" म्हणून आंघोळीला जाते आणि आल्यावर तळं पुसते.

ताकभात
२१ एप्रिल, सकाळी ९:३०

एवढं लोणी विकत कशाला आणायचं? रोजची साय साठवा, विरजण लावा, गार पाणी घालून घुसळा. पांढरंशुभ्र लोणी येतं, ताक मिळतं ते वेगळंच. मीठ तुमच्या हातात. अमूल आधीच खारट, त्यात लसूण-मिरचीबरोबर परत मीठ पडलं की पोरं पाणी पीत बसतात. आमच्याकडे डोंबिवलीला अजून रवीने घुसळतो आम्ही. मशीन आहे, पण हाताने लोणी कधी आलं ते कळतं.

खारी_बिस्किट
२१ एप्रिल, सकाळी ९:५२

मावशी, चवीला तुमच्या लोण्याशी कोणाची बरोबरी नाही, पण दीडशे पावांचा हिशेब मांडा. एका पावाला दोन्ही बाजूंना मिळून १० ग्रॅम धरला तरी दीड किलो लोणी. एवढी साय साठवायची तर हिने होळीपासून सुरुवात करायला हवी होती.

शिवाय घरच्या लोण्यात ताक राहतं. तीन-चार पाण्यांत मळून धुतलं नाही तर दोन दिवसांत आंबूस होतं, आणि आत पाणीही जास्त असल्याने लसूण-लिंबू घातलं की पटकन फुटतं. एखाद्या चवीसाठी करावं. सगळ्याला नाही.

ताकभात
२१ एप्रिल, सकाळी १०:२०

धुणं आम्हाला शिकवू नका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं, मग गोळा ताटलीत घेऊन हाताने दाबून दाबून उरलेलं पाणी काढलं की लोणी आठवडाभर राहतं. पण दीड किलोचं मान्य. मग एक चव तरी घरच्या लोण्याची ठेवा. मेतकूट. पावकिलो पांढऱ्या लोण्यात चार मोठे चमचे मेतकूट आणि चवीपुरतं मीठ. मेतकुटातल्या डाळी भाजलेल्या असतात, त्यामुळे कच्चट लागत नाही, आणि लोण्यात पाणी राहिलंच असेल तर मेतकूट ते पिऊन टाकतं. आमचा नातू याला "पिवळं चीज" म्हणतो.

नानाकाका_गिरगाव
२१ एप्रिल, दुपारी १२:१०

धागा वाचून भूक लागली. "मस्का" हा शब्द मुळात फारसी, लोणीच त्याचा अर्थ. इराणी लोकांनी तो मुंबईला दिला आणि मुंबईने त्याचं "मस्का लावणे" करून टाकलं. धोबीतलावला कयानी हे इराणी हॉटेल १९०४ पासून आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत तिथे ब्रून-मस्का (ब्रून म्हणजे कडक सालीचा पाव) आणि पानी-कम, म्हणजे कमी पाण्याचा चहा हे आमचं जेवण होतं. ब्रून कापून आत मस्का असा जाड थापायचे की दाताची खूण उमटायची. चहात बुडवला की वर पिवळे ठिपके तरंगायचे.

सांगायचं काय, तर तुमच्या चार चवींत पाचवं भांडं साध्या मस्क्याचं ठेवा. माझ्यासारखे म्हातारे तिकडेच जातील. आणि लादीपावाबरोबर थोडे ब्रून आणा, तव्यावर न भाजता चालतात, तेवढीच गर्दी कमी.

अवांतर: फ्रेंच लोकांतही हा प्रकार जुना आहे. पार्सली, लिंबू, मीठ, मिरी घातलेलं लोणी गोल सुरळी करून ठेवतात आणि गरम मांसावर एक चकती टाकतात. त्याचं नाव मेत्र दोतेल. हॉटेलात त्या चकतीचे वेगळे पैसे घेतात.

माहीमचा_बांगडा
२१ एप्रिल, दुपारी १:०५

चकती मांसावर कशाला, माशावर टाका की. पापलेट तव्यावर झालं, गॅस बंद केला, वर लसूण-मिरी मस्क्याची चकती आणि झाकण. दोन मिनिटांनी उघडायचं. गॅस चालू असताना टाकलात तर लसूण करपतो आणि लोण्यातले दुधाचे कण काळे पडतात, मग कडू लागतं. कोळंबीलाही हेच.

आमच्याकडे बांगड्यासाठी तिरफळाचा मस्का होतो. वाळलेलं तिरफळ घ्यायचं, आतली काळी बी काढून टाकायची, टरफल तेवढं कोरडंच कुटायचं. १०० ग्रॅमला फार तर चार-पाच टरफलं. जिभेला मुंग्या येतात. स्टॉलला नको, पब्लिकला वाटेल काहीतरी चुकलंय. पण घरी करून बघाच.

आणि बोंबील बटरला हसू नका. मी सिरियस आहे.

प्रयोगशाळा
२१ एप्रिल, रात्री ९:४५

फूड टेक्नॉलॉजीत काम करतो म्हणून एक गोष्ट जरा कडक आवाजात सांगतो. कच्च्या लसणाचा मस्का बाहेर ठेवायचा नाही.

लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर मातीतल्या बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. उघड्यावर ते निरुपद्रवी असतात. तेला-लोण्यात बुडाले की हवा तुटते, आणि कोमट जागा मिळाली की ते वाढून विष तयार करतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे कळायला मार्गच नसतो. कॅनडात व्हँकुव्हरला १९८५ साली एका रेस्टॉरंटमध्ये फ्रीजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोटुलिझम, म्हणजे याच विषाची बाधा झाली होती. लोण्यात मीठ असतं, त्यामुळे धोका तेलापेक्षा कमी, पण मुंबईच्या उन्हाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

नियम सोपे. कच्चा लसूण किंवा ओली पानं असलेला मस्का केल्याबरोबर फ्रीजमध्ये. तिथे चार-पाच दिवस. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर सरळ फ्रीजरमध्ये, दोन-तीन महिने चांगला राहतो. फ्रीजरमधून काढल्यावर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा, ओट्यावर नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर टेबलावरचं भांडं तासाभरात बदलायचं, आणि उरलेलं परत फ्रीजमध्ये सरकवायचं नाही. म्हणून मोठा डबा टेबलावर मांडू नका. छोट्या वाट्या भरा, एक संपली की दुसरी.

सुकी लसूण चटणी, मेतकूट, मिरपूड अशा कोरड्या चवींना हे टेन्शन बरंच कमी.

बोरिवली_फास्ट
२१ एप्रिल, रात्री १०:०२

मी आत्ताच उठून फ्रीज उघडला. मागच्या महिन्यातली तेलातली लसूण होती. टाकली. धन्यवाद, आणि थोडी भीतीपण वाटली.

चुलीपुढची
२१ एप्रिल, रात्री १०:३०

प्रयोगशाळा, हे खरंच माहीत नव्हतं. धागा काढल्याचं सार्थक झालं. मी तर सगळं आदल्या दिवशी करून टोपात भरून ठेवणार होते.

मग टेबलावर गारवा कसा ठेवू? आईसबॉक्स आहे एक, मुलाच्या क्रिकेटवाला.

खारी_बिस्किट
२२ एप्रिल, सकाळी ७:१५

मोठी परात घे, त्यात बर्फ आणि दोन मुठी जाडं मीठ. कुल्फीवाल्याची युक्ती, मिठाने बर्फ आणखी गार होतो. त्यावर स्टीलच्या वाट्या. काच नको, स्टीलला गारवा पटकन लागतो. पण मस्का दगड झाला तर पावाला लागणार नाही, पाव फाटेल. त्याला दोन उपाय. एक, लोणी हॅन्ड मिक्सरने चांगलं फेटून घे, हवा शिरली की गार असतानाही सुरी फिरते. दोन, पाव किलोला एक-दोन मोठे चमचे वास नसलेलं तेल फेटताना घाल. मी शेंगदाणा तेल घालत नाही, त्याची चव वर येते.

किंवा सगळंच सोपं कर. आधीच सुरळ्या करून ठेव. बटर पेपरवर मस्का ओळीत थाप, पेपर दुमडून पट्टीने आत ढकल म्हणजे सुरळी घट्ट होते, दोन्ही टोकं टॉफीसारखी पिळ. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे बटर पेपरचा मोठा रोल मिळतो. मग स्टॉलवर चकती कापायची, तव्यावर पाव भाजायचा, गरम पावावर चकती. आपोआप पसरते. फेटाफेटी नको, तेल नको. आणि लोकांसमोर चकती कापली की रांगेतली पोरं गप्प उभी राहतात.

सुरळी बटर पेपरमध्ये, वर क्लिंग फिल्म, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. लोणी शेजाऱ्याचा वास ओढून घेतं. तुला वेगळं सांगायला नको.

ठेचाप्रेमी_पुणे
२२ एप्रिल, सकाळी ११:४०

ठेच्याचा मस्का कोणी सुचवला नाही? मुंबईकर तुम्ही. तव्यावर थेंबभर तेलात हिरव्या मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत भाजा, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर ठेचा, पूर्ण गार होऊ द्या, मग लोण्यात. गरम घातलात की झालं, पुन्हा तळं. मिरच्या भाजल्याने त्यांच्यातलं पाणी उडतं. आणि आज करून आजच चव ठरवू नका. मिरचीचा तिखटपणा लोण्यात रात्रभर पसरतो, दुसऱ्या दिवशी दीडपट वाटतो. मी एकदा आपल्या मापाने केला आणि पाहुणे उचक्या देत गेले.

माहीमचा_बांगडा
२२ एप्रिल, दुपारी १२:०५

पुणेकर, वडापावच्या सुक्या लाल चटणीचा मस्का हा मुंबईचा. सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, पाण्याचा थेंब नाही. लोण्यात मिसळायला देवाने पाठवलेली. हा तव्यावरच्या पावावर टाकला की समोरच्या बिल्डिंगमधून लोक खाली येतात.

पार्ल्याची_मीरा
२२ एप्रिल, दुपारी ३:२०

जैन शेजाऱ्यांसाठी: लिंबाची साल आणि जाडसर कुटलेली मिरी. कांदा-लसूण काही नाही, आणि खरंच झकास लागतो. त्याची सुरी, वाटी, कटिंग बोर्ड वेगळा ठेव आणि तशी चिठ्ठी लाव. तव्याचाही एक कोपरा वेगळा कर, नाहीतर लोक विचारत राहतात. आमच्या सोसायटीत एकाने याच सुरीने त्याही वाटीत हात घातला आणि संध्याकाळ त्या चर्चेत गेली.

लहान मुलांसाठी गोड हवंच. गुळाची पावडर, वेलची, किंचित जायफळ. खडा गूळ किसून घालू नकोस, त्याला ओल असते, रात्रीत पाणी सुटतं. इथे मात्र खारं अमूल वापर. गूळ आणि खारट लोणी हे शिळ्या पोळीवर ज्याने खाल्लंय त्याला सांगावं लागत नाही.

चुलीपुढची
२५ एप्रिल, रात्री ११:१०

दुसरा प्रयोग झाला. सगळं २५०-२५० ग्रॅमचं. तुमची मापं आणि माझी चुळबूळ मिळून हे जमलंय, म्हणून लिहून ठेवते.

लसूण-कोथिंबीर: बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅम, लहान पाकळ्या दहा (ठेचलेल्या), चिरलेली कोथिंबीर घट्ट दाबून अर्धी वाटी, एका लिंबाची साल, मीठ सपाट पाऊण चमचा. कोथिंबीर दोनदा धुवावी लागली, माती होती. रात्रभर पंख्याखाली वाळवूनही देठांत ओल होती, म्हणून देठ काढून फक्त पानं घेतली. फुटलं नाही! मधे एकदा कडेने पाणी दिसलं, तेव्हा पातेलं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून परत घोटलं, जिरलं.

लाल चटणी: २५० ग्रॅमला पाच मोठे चमचे. आणखी काही नको.

लिंबू-मिरी: तीन लिंबांची साल, दीड चमचा मिरी. मिरी पूड नको, दाताखाली आली पाहिजे.

गूळ-वेलची: गूळ पावडर पाच मोठे चमचे, सहा वेलच्या, जायफळ नखभर. खाऱ्या अमूलमध्ये.

मेतकुटासाठी सासूबाईंनी स्वतः हट्टाने साय विरजली. आठवडाभराची साय, त्यातून पावकिलोच्या आसपास लोणी निघालं. पांढरं लोणी बघून मुलगा म्हणाला हे खोटं आहे, खरं पिवळं असतं. त्याला सांगितलं की आपलं दूध म्हशीचं, त्याचं लोणी पांढरंच येतं, आणि विकतच्या वडीत पिवळा रंग घातलेला असतो, पाकिटावर लिहिलंय वाच. त्याने वाचलं आणि आता सगळ्या पाकिटांच्या मागे काय लिहिलंय ते मला ऐकवतोय.

ठेच्याचा केला नाही. ठेचाप्रेमी, राग मानू नका, आमच्या तळमजल्यावर तीन आजोबा हृदयरोगी आहेत.

ठेचाप्रेमी_पुणे
२५ एप्रिल, रात्री ११:३२

हृदयरोगी आजोबांना दीड किलो लोणी चालतं, ठेचा चालत नाही. समजलं.

नानाकाका_गिरगाव
२६ एप्रिल, सकाळी ६:५०

पुणेकरांशी प्रथमच सहमत.

चुलीपुढची
२ मे, सकाळी १०:१५

वृत्तांत. दीडशे नाही, १८२ पाव गेले. मधे बेकरीत माणूस पळवावा लागला.

परातीतला बर्फ-मीठ तासभर छान टिकलं, मग पाणी झालं आणि एक वाटी त्यात कलंडली. गूळ-वेलचीची. खारं पाणी शिरलं, गेली. पुढच्या वेळी वाट्यांखाली जाळी ठेवणार. बाकीच्या सुरळ्या क्रिकेटच्या आईसबॉक्समध्ये होत्या, त्यातून एकेक काढून चकत्या कापल्या. ज्यांनी चकतीचा उपाय सुचवला त्यांना एक पाव माझ्याकडून. खारीताई, ठाणे लांब नाही.

सगळ्यात आधी काय संपलं ओळखा. लसूण-कोथिंबीर नाही. मेतकूट! पावणेआठला सुरळी खलास. आधी लोक नाव वाचून हसत होते, मग एका गुजराती काकूंनी घरी न्यायला मागितला. मी म्हटलं हिंग-मेथी सगळं चालतं ना, तर म्हणाल्या, "अमारे त्यां तो मेथीनो मसालो होय ज ने." सासूबाई त्या वेळी टेबलामागे उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं वर्णन करत नाही.

लाल चटणी दुसरी. लिंबू-मिरी जैन मंडळींपेक्षा बाकीच्यांनीच जास्त खाल्ला, त्यामुळे शेवटी खरंच ज्यांच्यासाठी होता त्यांना कमी पडला. ही माझी चूक, दोन सुरळ्या करायला हव्या होत्या. साधा मस्का नानांच्या सांगण्यावरून ठेवला होता. तळमजल्याचे तिन्ही आजोबा तिथेच. एकाने ब्रून चहात बुडवायला चहा कुठे आहे विचारलं, आणि चहाचा स्टॉल कोणीच लावला नव्हता.

लसूण-कोथिंबिरीची एक वाटी साडेआठला उरली, तासाभराच्या वर बाहेर होती. जड मनाने टाकली. प्रयोगशाळा, तुमचा आवाज कानात होता.

ताकभात
२ मे, सकाळी १०:४०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

माहीमचा_बांगडा
२ मे, सकाळी ११:००

आणि बोंबील?

चुलीपुढची
४ मे, रात्री ९:२०

विचारलंत म्हणून. काल केला.

सुक्या बोंबलांची डोकी-शेपट्या काढल्या, तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाजले. दोन लाल सुक्या मिरच्या, तीन पाकळ्या लसूण, तेही भाजून. खलबत्त्यात सगळं रवाळ कुटलं, गार झाल्यावर १०० ग्रॅम बिनमिठाच्या लोण्यात दोन मोठे चमचे. मीठ अगदी चिमूटभर, बोंबील खारेच असतात. तांदळाच्या गरम भाकरीवर एक चकती. सासूबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, एरवी एक खातात.

मुलाने वास घेतला आणि म्हणाला, "या वेळी मुद्दाम केलायस ना?"